सून आली तेव्हापासून

॥ श्री ॥

येवला,
२० जानेवारी २०२५

चि. आरोहीस,
मावशीचे भरभरून आशीर्वाद.

पत्र पाहून घाबरू नकोस, कोणी गेलं-बिलं नाही. फोनवर बोलायचा मला कंटाळा आलाय. कान तापतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना फुकट बातम्या मिळतात. तुझी आई होती तोवर आम्ही दोघी बहिणी महिन्याच्या महिन्याला एकमेकींना पत्र टाकायचो. आता तिची जागा तू घे, म्हणजे माझं अक्षर गंजणार नाही.

इकडे पतंगांची धामधूम एकदाची संपली. तीन दिवस गावात कोणी जमिनीकडे पाहिलं नाही. आमच्या अमितने कामाला दांडी मारून गच्चीवर मुक्काम ठोकला आणि बोटं कापून घेऊन खाली उतरला. पैठणीच्या दुकानात गिऱ्हाइकापुढे पदर उलगडायचा तर साहेबांच्या बोटांना पट्ट्या! मालक काय म्हणाला असेल ते तूच समज.

निकिता नांदगावला माहेरी गेली आहे. तिचा लग्नानंतरचा पहिला संक्रांतसण. घरी हळदीकुंकू केलं आणि दुसऱ्या दिवशी गेली. चार दिवस म्हणाली होती. येईल. पोर गुणाची आहे, माझी काडीची तक्रार नाही. पण अलीकडे माझ्याशी बोलताना ती खाली बघते. मला वाटतं, माझं जेवण तिला बघवत नसावं. भाकरी आमटीत कुस्करायची, घासाघासाला पाणी प्यायचं, यात माझा तास जातो आणि ती बिचारी भांडी घासायला खोळंबून बसते. म्हणून मी अमितला म्हटलं की मागच्या खोलीत मला एक शेगडी मांडून दे, माझं मी मऊ काहीतरी शिजवून खाईन. तर तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी घरच विकायला काढलंय.

बाकी तब्येत ठीक. नागिणीचा ठणका आता नाही. रात्रीची गोळी घेते, झोप मस्त लागते. दिवसा तोंडात खडीसाखर धरली की बरं वाटतं. आणि हो, एक गंमत सांगायची राहिली. परवा माझा पुढचा दात तुटला, तोही भिजवलेली भाकरी खाताना! तू एवढी दातांची डॉक्टर, तर तुमच्याकडचा तो डिंक पोस्टाने धाड, मी इथल्या इथे चिकटवते.

जावयांना नमस्कार, रुद्रला पापा. माया करतेस तशीच करत राहा आणि उत्तर लिहूनच पाठव, फोन नको.

तुझी,
चंद्रभागामावशी


॥ श्री ॥

नाशिक रोड,
२४ जानेवारी २०२५

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुला आणि फोनचा कंटाळा? दर रविवारी तुझा फोन आला की माझा भात खाली लागायचा, आणि तो लागलाय हे सांगायलाही तू मला जागा द्यायची नाहीस. पत्र मी दोनदा भाची म्हणून वाचलं आणि पोट धरून हसले. तिसऱ्यांदा डॉक्टर म्हणून वाचलं, तेव्हा हसू थांबलं.

मावशी, माणसाचा दात भिजवलेल्या भाकरीत तुटत नाही. तुटला, तर तो आधीच आतून खचलेला असतो. आणखी एक. तुझं पाकीट भाताच्या शिताने चिकटवलेलं होतं. तू पाकीट जिभेने ओलं करायचीस, आणि त्यावरून आई तुला किती ओरडायची ते मी लहानपणी ऐकलेलं आहे. मग यावेळी शीत का लागलं? मला खरं खरं सांग. फोनचा कंटाळा आलाय की चार वाक्यं बोललीस की जीभ टाळूला चिकटते? रात्री पाण्यासाठी उठतेस का? बिस्किट, लाडू, पोहे असलं कोरडं काही गिळता येतं का? डोळ्यांत खुपतं का?

तोंडात लाळ असते तोवर तिची कोणाला किंमत नसते. दात धुणं, घास ओला करणं, जिभेला शब्दासाठी मोकळं ठेवणं, ही सगळी कामं ती न सांगता करते. ती आटली की खाणं, बोलणं, दात, तिन्ही एकदम अडतात. ती का आटली ते मला तुझ्या तोंडात पाहिल्याशिवाय कळणार नाही. पुढच्या शनिवारी अमितला घेऊन सरळ दवाखान्यात ये. घेतेस त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आण, दुकानातून विचारून आणलेल्यासुद्धा. तोवर मनाने कुठलीही गोळी बंद करू नकोस. खडीसाखर मात्र आजच डब्यात घालून वर फळीवर ठेव, हात पुरणार नाही इतक्या वर.

निकिताला मी फोन केला होता. हो आणि नाही, याच्यापलीकडे एक शब्द बोलली नाही. तुमच्यात काही झालंय का? मला तिचा आवाज बरा वाटला नाही.

डिंक धाडत नाही. तू ये, मग बघू. रागावलीस तरी चालेल, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी,
आरोही


॥ श्री ॥

नांदगाव,
२८ जानेवारी २०२५

आदरणीय आरोहीताईंना,
सा. न. वि. वि.

तुम्ही फोन केलात तेव्हा मी नीट बोलले नाही, त्याचा राग मानू नका. इथे माहेरी सगळ्यांचे कान माझ्याकडेच लागलेले असतात. म्हणून लिहिते. माईंना, म्हणजे तुमच्या मावशींना, यातलं काही कळू देऊ नका.

हळदीकुंकवाला मी गल्लीतल्या सगळ्यांना बोलावलं होतं. आदल्या दिवसापासून माझ्या मनात एक होतं, ते मी अमितलाही सांगितलं नव्हतं. बायका जमल्या. माई स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसल्या होत्या. मामंजी गेल्यापासून असल्या कार्यक्रमात त्या पुढे येत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. मी ताट घेतलं आणि सगळ्यांत आधी त्यांच्याकडे गेले. हळद लावली, कुंकू लावलं, वाण दिलं, हातावर तिळगुळ ठेवला. ताई, मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा रागावतील, निदान माझा हात तरी धरतील. त्या काहीच बोलल्या नाहीत. नुसते ओठ हलवले आणि तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायल्या.

तेवढ्यात शेजारच्या अक्काबाईंनी मोठ्यांदा विचारलं की माई, बोलत का नाय, तिळगुळ का खात नाय, लय पाणी पिऊ राहिल्या, झालंय काय तुम्हाला. तेव्हा माई सगळ्यांदेखत म्हणाल्या, काय सांगू बाई, सून आली तेव्हापासून माझं तोंड पार सुकून गेलंय.

तोंड सुकलं याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मी माहेरी आले की माझी आई पहिलं तेच बघते. ज्या घरात पोटभर मिळत नाही, जीव रमत नाही, त्या घरात माणसाचं तोंड सुकतं. बायकांनी माना खाली घातल्या. बाकीच्यांना मी हळदीकुंकू कसं लावलं ते मला आठवत नाही. ताई, मी त्यांना उपाशी ठेवत नाही हो.

मग मागचं सगळं आठवायला लागलं. माझी भाकरी त्या कधी नुसती खात नाहीत. मी पातळ थापून पाहिली, तूप लावून पाहिली, आईकडून नव्याने शिकून गेले, तरी आमटीत बुडवून वर पाणी पितात. दुसऱ्या दिवशी झाडांना पाणी घालताना माझा तिळगुळ मला तुळशीच्या कुंडीत सापडला, मुंग्या लागलेला. त्याच दुपारी मी इकडे आले. आता अमित फोनवर सांगतो की माई वेगळी चूल मागताहेत. तो सांगतो आणि वर मला म्हणतो की आई तशी नाही.

इथल्या शाळेत शिक्षिकेची जागा रिकामी आहे. मला बोलावलंय. बाबांचं म्हणणं, रुजू हो आणि इथेच राहा, अमितला यायचं तर येईल. मी अजून हो म्हटलेलं नाही. पण नाही म्हणायला मला एकही कारण सापडत नाही. तुम्हाला सापडलं तर कळवा.

चुकून जास्त लिहिलं असेल तर पोटात घाला.

तुमची,
निकिता


॥ श्री ॥

नाशिक रोड,
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. निकितास,
अनेक आशीर्वाद.

कारण सापडलं. ते मावशीच्या तोंडात होतं.

काल अमित तिला घेऊन आला. मी तिच्या गालाला आतून आरसा टेकवला, तर तो तिथेच चिकटून बसला. एरवी तो घसरतो. जिभेला भेगा, ओठांचे कोपरे फाटलेले, दात हिरडीच्या कडेकडेने तपकिरी आणि मऊ झालेले. एका कपात लाळ जमवायला सांगितलं, तर म्हणाली की जन्मभर पोरांना इथेतिथे थुंकू नका म्हणून ओरडले आणि आता भाची डॉक्टर होऊन मला थुंकायला शिकवते आहे. एवढं बोलायला तिला दोनदा पाणी प्यावं लागलं. कपात चमचाभरही जमलं नाही.

निकिता, तिचं तोंड सुकलंय. अगदी खरोखर सुकलंय. तुझ्या भाकरीचा, तुझ्या वागण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

तुमच्या लग्नानंतर महिन्याभरात तिला नागीण झाली होती. तू रात्ररात्र तिच्या उशाशी बसून वारा घालायचीस, हे मला तिनेच काल सांगितलं. नागीण गेली पण ठणका राहिला. त्यासाठी डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी दिली. ती ठणका थांबवते, झोप आणते, पण तोंडातली लाळही आटवते. ती काही महिनेच घ्यायची होती. झोप छान लागते म्हणून मावशीने जुनी चिठ्ठी दाखवत चालूच ठेवली. सकाळच्या शिंकांसाठी दुकानातून आणलेली आणखी एक गोळी, तीही तोंड कोरडं करणारी. मग कोरड्या तोंडाला बरं वाटावं म्हणून दिवसभर खडीसाखर. लाळ असती तर तिने ती साखर धुऊन नेली असती. ती नव्हती, म्हणून दात साखरेत बुडून राहिले आणि किडले.

आता ऐक. गोळी कधीपासून चालू आहे असं मी तिला विचारलं, तर उत्तर आलं, सून आली तेव्हापासून. तोंड कधीपासून कोरडं पडतं विचारलं, तर पुन्हा सून आली तेव्हापासून. आपल्या माणसांना तारखा कुठे येतात? माझा जन्म कधीचा असं मावशीला विचार, ती सांगेल की तांबडी गाय व्याली त्या आठवड्यातला. माझ्या हातातला पेन थांबला. तुझ्या पत्रातलं वाक्य समोरच्या खुर्चीत बसून माझ्याशी बोलत होतं, आणि बोलणारीला त्यात काही वावगं आहे याचा पत्ताच नव्हता.

तू सांगू नका म्हटलं होतंस, तरी मी तिला सगळं सांगितलं. त्याबद्दल माझ्यावर रागव. तिने एवढंच विचारलं की त्या दिवशी सगळ्यांना ते तसंच ऐकू आलं असेल का. मी म्हटलं, हो, मलाही तसंच ऐकू आलं असतं. मग त्या दिवशी कोण कोण होत्या, त्यांची नावं ती बोटांवर मोजायला लागली. ते बघून मला रडू आलं.

औषधाचं सांगते. तिच्या डॉक्टरांशी बोलले. रात्रीची गोळी एकदम न तोडता हळूहळू कमी करायची. शिंकांची बंद केली. रक्तातली साखर तपासली, ती ठीक आहे. गालाजवळ दाबलं की थोडी लाळ येते, म्हणजे झरा बुजलेला नाही. किडलेल्या दातांत सिमेंट भरलं, बाकीच्यांवर फ्लोराइडचा लेप दिला. रात्री पेस्टने दात घासायचे आणि फेस नुसता थुंकायचा, वर चूळ भरायची नाही. दातांना लावते ती तंबाखूची मिश्री बंद. खडीसाखरेच्या जागी बिनसाखरेचं च्युइंगम, म्हणजे चघळून चघळून लाळ सुटेल. पाणी हाताशी, घोट घोट. हे सगळं करूनही तोंड पूर्वीइतकं ओलं होईल, असं वचन मी तुला देणार नाही. भाकरी कदाचित कायम आमटीतच खावी लागेल.

शाळेचं तू ठरव, त्यात मी पडत नाही. फक्त ठरवताना चुकीच्या कारणाने ठरवू नकोस.

नणंद म्हणून कधी हक्क गाजवला नाही, या पत्रात थोडा गाजवला. आपलेपणा ठेव.

तुझी,
आरोहीताई


॥ श्री ॥

येवला,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. निकितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आरोहीकडून आल्यापासून रोज लिहायला बसते आणि कागद फाडते. आज काही झालं तरी पोस्टात टाकायचं ठरवलंय.

आधी घरचं सांगते. तुझी जास्वंद फुलली. अमित चहा करायला शिकला. तो पिववत नाही, पण करतो. मी या वयात च्युइंगम चघळत ओट्यावर बसते. गल्लीतली पोरं मला बघून खुदुखुदु हसतात आणि परवा एकाने तर फुगा करून दाखवा म्हणून हट्ट धरला. रात्री आता एकदाच पाण्याला उठते.

त्या दिवशी हळदीकुंकवाला ज्या ज्या बायका होत्या, त्यांच्या प्रत्येकीच्या घरी मी जाऊन आले. बोललेलं परत घेता येत नाही, पण नीट करून सांगता तर येतं. हातात पाण्याची बाटली. एक घोट, एक वाक्य. सांगितलं की माझ्या तोंडात गोळीमुळे लाळ उरली नव्हती, मी त्याबद्दल बोलत होते, सुनेबद्दल नाही. सून मला पाटावर बसवून जेवू घालते. एकीला वाटलं मी वर्गणी मागायला आलेय, ती आधीच पर्स शोधायला लागली. अक्काबाईने माझी अर्धी गोष्टच ऐकली आणि विचारलं की मग तिलाही रात्रभर पाणी प्यावं लागतं ते कशाने असेल. आरोहीला आणखी एक पेशंट मिळाली. माझ्या एवढ्या बोलण्याने संध्याकाळी घसा असा धरला की मी दुसऱ्या दिवशी खुणांनी बोलले. अमितला वाटलं, मौनव्रत धरलं.

तिळगुळाचं सांगते. तो मी तोंडात घातला होता. तीळ जिभेला, टाळूला, दातांच्या फटीत असे चिकटले की खाली जाईना. ठसका लागेल म्हणून भीती वाटली. तुझ्या हातचा पहिला तिळगुळ कचऱ्यात टाकवेना, म्हणून तुळशीत ठेवला. तिथेच तो तुला सापडायचा होता! भाकरीचंही तेच. तू पातळ केलीस, तूप लावलंस, हे सगळं मला दिसत होतं गं. मला वाटायचं, म्हातारपण आलं, त्याची कटकट नव्या पोरीला कशाला सांगायची. तू खाली बघायचीस म्हणून मी गप्प राहायचे आणि मी गप्प म्हणून तू खाली बघायचीस. शेगडी मी तुला त्रास नको म्हणून मागितली. अमितने तिची चूल करून तुला पोचवली. आता मला शेगडीही नको आणि चूलही नको.

शाळेची नोकरी मिळत असेल तर घे. माझ्यासाठी सोडलीस तर मला आवडणार नाही. सकाळी येवल्याहून नांदगावला एसटी आहे, संध्याकाळी परतीची आहे. गल्लीतले कितीतरी जण जातात-येतात. तुझा डबा मी भरून देईन. हे तुझ्या बाबांना दाखव. त्यांनी तुला ठेवून घेतलं यात त्यांची काही चूक नाही. माझ्या लेकीबद्दल कोणी असं बोललं असतं तर मीही ठेवून घेतली असती.

आता मुख्य. तू ताट घेऊन माझ्यापुढे वाकलीस, मला न विचारता. विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं, आणि तुला ते माहीत होतं, म्हणूनच तू विचारलं नाहीस. तुझं बोट कपाळाला लागलं आणि माझ्या घशाशी इतकं काही आलं, पण जीभ जागची हलेना. टाळूला जी चिकटली ती चिकटलीच. पाणी पिऊन बोलावं म्हटलं, तर तेवढ्यात अक्काबाईने विचारलं आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

मला असं म्हणायचं होतं, की ते गेल्यापासून माझ्या कपाळाला हात लागला तो फक्त ताप बघायला. इतक्या वर्षांत हळदीकुंकवाचं ताट माझ्यासमोरून शंभर वेळा गेलं असेल, थांबलं कधी नाही. तू थांबलीस. पोरी, तू या घरात आलीस हे माझं फार मोठं भाग्य आहे.

एवढंच होतं. आईबाबांना नमस्कार सांग. येशील तेव्हा ये, दार उघडंच आहे, आणि आशीर्वाद तर न येताही आहेत.

तुझी,
माई


॥ श्री ॥

नांदगाव,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. माईंना,
शि. सा. न. वि. वि.

मी शाळेत रुजू झाले. चौथीचा वर्ग दिलाय, वांड आहे. शनिवारी शाळा सुटली की दुपारच्या एसटीने येते, बॅग घेऊन. सोमवारपासून येवल्याहून जाईन-येईन. तुमचं पत्र बाबांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा पुसला आणि मला विचारलं की बॅग स्टँडवर सोडायला मी येऊ का. आईने तुमच्यासाठी पातळ सारासाठी कोकमं बांधून दिली आहेत.

माई, तुम्ही पत्राच्या शेवटी जे लिहिलंत ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. पण वाचून माझं समाधान झालेलं नाही. ते मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. मधे थांबा, पाणी प्या, च्युइंगम चघळा, अख्खी दुपार गेली तरी चालेल. मी समोर बसून राहीन. मला आता कुठे जायचं नाही.

लोभ आहे हे कळलं. तो बोलून दाखवावा, ही विनंती.

तुमची,
निकिता